चोवीस ओळी, ऐंशी रकाने

शाळेच्या दाराशी असलेला फळा सर्वांच्या परिचयाचा असतो. वर सुविचार, त्याखाली दिनांक आणि वार, मग पट, हजर, गैरहजर. रोज सकाळी ज्याच्याकडे हे काम असते तो विद्यार्थी सगळा फळा कधीच पुसत नाही. 'हजर'समोरचा ४३ बोटाने पुसून तेथे ४१ लिहितो आणि 'पट' तसाच ठेवतो. महिना बदलला तरच 'मार्च' पुसून 'एप्रिल' होतो. असे करावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. कमी खडू लागावा आणि प्रार्थनेची घंटा होण्याआधी काम उरकावे, एवढाच त्याचा हेतू.

संगणकाच्या पडद्यावर अक्षरांनी मजकूर मांडणारी 'कर्सेस' नावाची एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावल्यांचा संच आहे. ती हेच करते. या लायब्ररीशी आमची गाठ पडली ती एका माठामुळे.

२०२३ च्या मार्चमध्ये आमच्या परिचयाच्या एका शाळेत विज्ञानाच्या बाईंनी एक प्रयोग ठरवला. एका माठात आणि एका स्टीलच्या कळशीत सारखेच पाणी घ्यायचे, दोन्ही व्हरांड्यात शेजारी ठेवायची आणि सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत दोन्हींचे तापमान पाहायचे. प्रयोग जुनाच आहे, पण या वेळी तापमापी हातात धरून कोणी बसणार नव्हते. डीएस१८बी२० जातीचे दोन संवेदक पाण्यात सोडले, ते एका आर्डुइनोला जोडले आणि आर्डुइनो दर दहा सेकंदांनी एक ओळ संगणकाकडे पाठवू लागला. सहा तासांत प्रत्येक भांड्याची २१६० मापने. संगणक शाळेच्या कपाटातून काढलेला, लिनक्स घातलेला, वयाने वर्गातल्या मुलांएवढाच. आज्ञावली पायथन भाषेत लिहायची होती. दहावीतल्या एका विद्यार्थ्याने ती लिहिली आणि आम्ही शेजारी बसून मदत केली.

पहिल्या प्रयत्नात नेहमीची छापण्याची आज्ञा वापरली होती. तिने प्रत्येक मापनाची नवी ओळ खाली येते आणि जुन्या ओळी वर सरकत जातात. मुलांना हवी होती एका जागी स्थिर असलेली पाटी: डावीकडे माठ, उजवीकडे कळशी, खाली वेळ, आणि बदलावेत फक्त आकडे. तेव्हा दुसऱ्या प्रयत्नात दर वेळी सगळा पडदा पुसून पुन्हा लिहिला. त्याने पडदा लुकलुकू लागला आणि मागच्या बाकावरून तक्रार आली. मग आम्ही कर्सेसकडे वळलो.

ही लायब्ररी का जन्माला आली हे समजण्यासाठी थोडे हिशेबात शिरू. १९७० च्या दशकात एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले तारेने जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे पडदा आणि कळफलक; त्यात स्वतःची अशी बुद्धी फारशी नसे. तारेतून एकामागून एक अक्षरे येत आणि पडद्यावर उमटत. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने काढलेल्या 'व्हीटी-१००' या प्रसिद्ध टर्मिनलवर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० रकाने, म्हणजे १९२० घरे होती. (ऐंशी हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रापासून चालत आला आहे.) आता टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ३०० बिट जात असतील आणि एका अक्षराला मागेपुढच्या खुणांसह १० बिट लागत असतील, तर सेकंदाला ३० अक्षरे होतात. पूर्ण पडदा भरायला १९२० भागिले ३०, म्हणजे ६४ सेकंद! एक आकडा बदलण्यासाठी मिनिटभर थांबायचे. वेग चौपट करून १२०० केला तरी १६ सेकंद लागतात. फळ्यावरच्या विद्यार्थ्याचे शहाणपण येथे चैन राहत नाही, गरज बनते.

दुसरी अडचण अशी की 'अमुक ओळीत तमुक रकान्यात जा' हे टर्मिनलला सांगायचे कसे? तार एकच, तिच्यातूनच मजकूर जाणार आणि तिच्यातूनच हुकूमही जाणार. त्यासाठी एक खुणेचे चिन्ह ठरले. त्याचे नाव एस्केप, क्रमांक २७. ते आले की पुढची काही अक्षरे छापायची नसून पाळायची आहेत असे टर्मिनल समजते. व्हीटी-१०० ला अकराव्या ओळीच्या एकविसाव्या रकान्यात पाठवायचे तर एस्केप, मग चौकोनी कंस, मग ११, अर्धविराम, २१ आणि शेवटी इंग्रजी एच. पण लीअर सीग्लर कंपनीच्या 'एडीएम-३ए' या १९७६ च्या टर्मिनलची बोली निराळी होती. तेथे एस्केप, मग बरोबरचे चिन्ह, आणि मग ओळ व रकाना यांच्या शून्यापासून मोजलेल्या क्रमांकांत ३२ मिळवून येणारी दोन चिन्हे. त्याच घरासाठी ४२ आणि ५२, म्हणजे तारका आणि चार! एका टर्मिनलसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालवली की पडद्यावर नुसता गोंधळ दिसणार.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी यावर तोडगा काढला. कोणते टर्मिनल कोणती बोली बोलते याची एक यादीच त्यांनी फाइलमध्ये लिहून ठेवली. आज्ञावलीने ती यादी पाहून बोलायचे. याच कामाच्या आधारावर १९८० च्या सुमारास तेथेच केन अर्नोल्ड यांनी कर्सेस ही लायब्ररी तयार केली. 'रोग' नावाचा, भुयारांत भटकण्याचा एक अक्षरी खेळ तिच्यामुळेच शक्य झाला. नावात कोटी आहे: पडद्यावरच्या कर्सरची हालचाल कमीत कमी करणारी ती कर्सेस, आणि इंग्रजीत त्या शब्दाचा दुसरा अर्थ शिव्याशाप. ती वापरणाऱ्याच्या तोंडी कधी ना कधी दुसरा अर्थ येतोच. आज लिनक्सवर असते ती तिची नवी आवृत्ती 'एनकर्सेस'. १९९३ पासून ती या नावाने प्रसृत आहे.

कर्सेसची युक्ती पाहा. ती संगणकाच्या स्मृतीत पडद्याची दोन चित्रे ठेवते. एक, आत्ता पडद्यावर प्रत्यक्ष काय आहे त्याचे. दुसरे, काय असायला हवे त्याचे. आपली आज्ञावली जे काही लिहिते ते केवळ दुसऱ्या चित्रात लिहिले जाते. पडद्यावर काहीच हलत नाही. मग आपण 'रिफ्रेश' म्हटले की लायब्ररी दोन्ही चित्रे घरोघर ताडून पाहते आणि जेथे फरक असेल तेवढ्याच घरांसाठी तारेतून अक्षरे सोडते. माठाचे तापमान २६.५ वरून २६.४ झाले तर कर्सरला त्या जागी नेण्याची सात-आठ चिन्हे आणि एक आकडा. १९२० च्या जागी नऊ! 'रिफ्रेश' विसरले तर पडदा कोराच राहतो आणि नवा माणूस तासभर चूक शोधत बसतो. आमच्या विद्यार्थ्यानेही शोधली.

(आज्ञांची नावे आम्ही येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टंकताना ती रोमन लिपीत लिहायची.)

पायथनमध्ये ही लायब्ररी वापरायला लिनक्सवर बहुधा वेगळे काही बसवावे लागत नाही. विंडोजवर मात्र पायथनसोबत ती येत नाही, निराळे पॅकेज घालावे लागते. सुरुवात केली की ती कळफलकाचीही व्यवस्था बदलते. एरवी आपण टंकलेले अक्षर पडद्यावर आपोआप उमटते आणि एंटर दाबेपर्यंत आज्ञावलीला मिळत नाही. पाटीसाठी दोन्ही नको असते. म्हणून 'नोएको' सांगून उमटणे बंद करतात आणि 'सीब्रेक' सांगून प्रत्येक कळ ताबडतोब मागवतात. आणखी एक सवय लावून घ्यावी लागते: जागा सांगताना आधी ओळ, मग रकाना. भूमितीत आपण क्ष आधी शिकवतो, येथे य आधी येतो. शिवाय मोजणी शून्यापासून. माठाचे तापमान सुरुवातीला भलत्याच कोपऱ्यात उमटत होते ते यामुळे.

कळ वाचण्याची आज्ञाही एक दिवस खाऊन गेली. 'क' कळ दाबल्यावर मोजणी थांबावी म्हणून आम्ही 'गेटसीएच' ही आज्ञा घातली होती. परिणाम असा की कोणी कळ दाबली तरच तापमान बदले! ती आज्ञा कळ येईपर्यंत जागची हलत नाही हे लक्षात आले, तेव्हा 'टाइमआउट' देऊन तिला एक सेकंदाची मुदत घातली.

हे सर्व जमल्यावर पाटी मराठीत करायचे ठरले. पाचवीची मुलेही पाहायला येणार होती. लिनक्सचा साधा, खिडक्यांविना असलेला काळा पडदा फार तर ५१२ आकृत्या सांभाळतो आणि मात्रा जोडणे त्याला येत नाही, म्हणून टर्मिनलची खिडकी उघडून तिच्यात देवनागरी फॉन्ट लावला. जोडाक्षरे जरा सैल दिसत होती, पण वाचता येत होती. सर्वांत खालच्या ओळीत उलट्या रंगाची एक पट्टी होती. तिच्यात 'मोजणी सुरू आहे' असे लिहिलेले. पट्टी उजव्या कडेपर्यंत जावी म्हणून शब्दांपुढे मोकळ्या जागा भरून एकूण लांबी ७९ केली होती. ८० नव्हे, त्याचे कारण पुढे येईल. इंग्रजी शब्द होते तोवर पट्टी नीट होती. मराठी होताच ती कडेपासून चार घरे आधीच संपू लागली. विद्यार्थ्याने थोडा विचार केला, ७९ चे ८२ केले आणि पट्टी पूर्ववत झाली. आम्हीही पाहून मान डोलावली. ती आमची चूक.

रविवार होता. आठ वाजता मोजणी सुरू झाली. दुपारी दोनला विद्यार्थ्याने कळ दाबली, आणि पडद्यावर तापमानांच्या पाटीवरच इंग्रजी ओळी पायऱ्या-पायऱ्यांनी तिरप्या उतरल्या. पुढे काही टंकावे तर एक अक्षर उमटेना. "बाई, कॉम्प्युटर बंद पडला," असे एक मुलगी म्हणाली आणि बाईंनी बटण दाबून तो खरोखरच बंद केला. मापने फाइलमध्ये लिहिण्याची आज्ञा सर्वांत शेवटी होती. ती कधी चाललीच नव्हती. ४३२० आकडे गेले. सकाळपासून पाळीपाळीने माठाजवळ बसलेल्या मुलांकडे पाहणे आम्हाला जड गेले.

काय घडले होते? संगणकाच्या दृष्टीने मराठी शब्दाला एक लांबी नाही, तीन आहेत. 'पुणे' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि मात्रा अशी त्याची चार चिन्हे. साठवताना यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून बारा बाइट. आणि पडद्यावर? उकार खाली बसतो, मात्रा वर बसते. आडवी जागा कोणीच घेत नाही. म्हणून दोनच घरे. आता 'सातारा' पाहा: चिन्हे सहा, बाइट अठरा, घरे सहा. काना बाजूला बसतो आणि आमच्या यंत्रावरची मोजणी त्याला स्वतंत्र घर देते. युनिकोडने ही चिन्हे दोन गटांत विभागली आहेत. उकार, एक आणि दोन मात्रा, ऋकार, अनुस्वार आणि हलन्ताची खूण ही जागा न घेणारी. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग ही जागा घेणारी. वर्गात मुलांना आपापल्या नावांची घरे मोजायला सांगावे. खेळ छान होतो. (सगळ्या आज्ञावल्या याबाबत एकमताच्या नाहीत. काही कान्यालाही शून्य घरे देतात, आणि मग रकाने पुन्हा वेडेवाकडे होतात.)

पायथनला शब्दाची लांबी विचारली की तो चिन्हे मोजतो. कर्सेस मोजते घरे. 'मोजणी सुरू आहे' यात मधल्या मोकळ्या जागांसह चिन्हे चौदा, पण दोन उकार आणि एक मात्रा वजा जाता घरे अकरा. चिन्हे ८२ केल्यावर घरे बरोबर ७९ भरली. कळ दाबल्यावर पट्टीवर येणार होते 'मोजणी थांबली'. त्यात चिन्हे बारा, जागा न घेणारा फक्त एक अनुस्वार. म्हणजे ८२ चिन्हांची ८१ घरे झाली, आणि ओळीत घरे ८०.

वरच्या कोणत्याही ओळीत हे खपले असते. जास्तीचे अक्षर पुढच्या ओळीत गेले असते. पण शेवटच्या ओळीचे शेवटचे घर ही कर्सेसची दुखरी जागा आहे. तेथे अक्षर लिहिले की कर्सरने पुढच्या घरात जायचे, आणि पुढचे घर नाही. लायब्ररी 'जमले नाही' असे कळवते, पायथन त्याला चूक मानतो आणि आज्ञावली तेथेच संपते. ७९ वर थांबायचे कारण हेच होते. ते आम्हाला ठाऊक असूनही ८२ वर आम्ही हरकत घेतली नाही.

आज्ञावली मध्येच मेल्यामुळे कर्सेसने बदललेली व्यवस्था परत केली गेली नाही. 'नोएको' चालूच राहिले, म्हणून अक्षरे उमटत नव्हती. नवी ओळ म्हणजे खाली उतरून डाव्या कडेला जाणे. त्यातले डाव्या कडेला जाणे बंद होते, म्हणून पायऱ्या. संगणक धडधाकट होता. अशा वेळी न दिसणाऱ्या अक्षरांत 'रिसेट' हा इंग्रजी शब्द टंकून एंटर दाबले की टर्मिनल ताळ्यावर येते. पहिल्यांदा टंकताना विश्वास बसत नाही, पण येते. अर्थात आकडे त्यानेही परत आले नसते. ते आज्ञावलीबरोबरच गेले होते.

दुरुस्तीत आम्ही पहिल्यांदा पडद्याला हातच लावला नाही. मापन आले की त्याच क्षणी ते फाइलच्या शेवटी लिहायचे आणि तबकडीवर उतरवायचे, मगच पडद्यावर दाखवायचे, असा क्रम केला. त्यानंतर सगळी आज्ञावली 'रॅपर' या कर्सेसच्या आज्ञेच्या पोटात घातली. आत काहीही बिघडले तरी रॅपर आधी टर्मिनल पूर्वस्थितीला आणतो आणि मगच चुकीचा निरोप पुढे जाऊ देतो. त्यामुळे निरोप सरळ ओळींत वाचता येतो. नवशिक्याने कर्सेसची सुरुवातच रॅपरने करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. पुष्कळ पाठ्यपुस्तकांतली उदाहरणे तशी नसतात याचे वाईट वाटते.

पट्टीसाठी दोन मार्ग होते. पायथनमध्ये प्रत्येक चिन्हाचा युनिकोड गट विचारता येतो. जागा न घेणाऱ्यांचा गट 'एमएन'. ती चिन्हे मोजून तितक्या मोकळ्या जागा जास्त भरायच्या, म्हणजे कोणताही शब्द आला तरी घरे ७९ च राहतात. विद्यार्थ्याने हा मार्ग धरला आणि चार ओळींत लिहिला. दुसरा मार्ग असा की मोकळ्या जागा भरूच नयेत. खालच्या ओळीची एक वेगळी छोटी खिडकी करावी आणि तिची पार्श्वभूमीच उलट्या रंगाची करावी. मग रंग कडेपर्यंत आपोआप जातो आणि शब्द लहानमोठा झाला तरी बिघडत नाही. आमची पसंती दुसऱ्याला होती. पण आज्ञावली त्याची होती, म्हणून पहिलाच मार्ग राहिला.

मराठी आणि ऐंशी रकाने यांचे भांडण जुनेच आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट नावाचे एक कार्ड काढले होते. ते संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या अक्षरी आज्ञावल्यांतही भारतीय लिपी वापरता येत. तेव्हाच्या इस्की संकेतात, ज्याचे भारतीय मानक १९९१ चे आहे, एका चिन्हाला एक बाइट पुरे. चिन्हे आणि घरे यांचा मेळ घालण्याचा प्रश्न मात्र तेव्हाही होता, आणि तो त्या कार्डावर सोपवलेला असे.

पुढच्या रविवारी प्रयोग पुन्हा झाला. दहा वाजता वीज गेली आणि संगणक बंद पडला, तेव्हा मुलांचे चेहरे उतरले. वीज आल्यावर बाईंनी फाइल उघडायला लावली. शेवटची ओळ वीज जाण्याच्या आधीच्या मापनाची होती. मधला वीस मिनिटांचा खंड आलेखावर तसाच मोकळा सोडून मुलांनी पुढचे बिंदू घेतले. दुपारी दोनला कळ दाबली, 'मोजणी थांबली' अशी पट्टी आली, आणि तिची उजवी कड वहीतल्या पट्टीने पडद्यावर मोजून पाहायला दोघे तिघे पुढे सरसावले.